चित्रांतील मुद्रा आणि इतिहासाचा निवाडा

ऐतिहासिक पुरुषाचें चित्र समोर आलें म्हणजे चेहऱ्यावरून त्याचा स्वभाव ओळखण्याचा मोह सहसा कोणास आवरत नाहीं. परंतु पुष्कळदा आपण वाचतों तो चेहरा नसून आपणांस आधींच ठाऊक असलेली कथा असते. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें १७९२ सालीं पुण्यास काढलेलें सवाई माधवरावांचें तैलचित्र याचें उत्तम उदाहरण होय. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांतील या चित्रांत पेशवे बसलेले असून जवळ नाना फडणवीस व मागें सेवक आहेत.

पेशव्यांच्या मुद्रेवर उदासपणा आणि नानांच्या मुद्रेवर पहारेकऱ्याची करडी दृष्टि पाहणारास सहज दिसूं लागते. याचें कारण १७९५ च्या ऑक्टोबरांत आहे. त्या महिन्यांत एकवीस वर्षांचे पेशवे शनिवारवाड्यांत वरून पडून मरण पावले. तो अपघात कीं आत्मघात, याविषयीं इतिहासकारांत एकवाक्यता नाहीं. आत्मघात मानणारास हा चेहरा साक्षीदार वाटला तर नवल नाहीं. पण साक्ष घटनेच्या तीन वर्षें आधींची आहे! शिवाय परक्या चित्रकारासमोर बसलेल्या अठरा वर्षांच्या धन्यानें गंभीर राहावें, हा दरबारी शिष्टाचारच होता. तें गांभीर्य पदाचें आहे. मनाचें आहे असें म्हणण्यास दुसरा पुरावा हवा.

याच घराण्याच्या दुसऱ्या एका चित्रावरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १७९० सालीं इंग्रजांशीं झालेल्या तहाचा पुण्याचा दरबार टॉमस डॅनियल यानें वेल्सच्या रेखाटनांवरून रंगविला व तो १८०५ सालीं पुरा केला. वेल्स हिंदुस्थानांत आला तोच मुळीं १७९१ सालीं. म्हणजे तो प्रसंग दोघांपैकीं एकानेंही पाहिला नव्हता. वेल्सनें माणसें प्रत्यक्ष पाहिलीं होतीं, म्हणून चेहऱ्यांची ठेवण विश्वासार्ह मानतां येईल. परंतु त्या चेहऱ्यांवरील प्रसंगोचित भाव ही कल्पनेची निर्मिति होय.

तेव्हां चित्रापासून अंगकाठी, पोशाख, अलंकार, आसनांचा क्रम हें सर्व अवश्य घ्यावें. मनःस्थितीचा निवाडा मात्र समकालीन पत्रांवरच सोंपवावा. नाहींतर एका तरुणास चित्रावरून जन्मदुःखी ठरवूं आणि त्याच्या कारभाऱ्यास तुरुंगाधिकारी. हा अन्याय दोघांवरही होईल, असें आम्हांस वाटतें.