कोसा, गाठ आणि कात्री

रामपायलीचा इतिहास म्हटला की राममंदिर आणि नागपूरकर भोसले यांच्यापाशी आपण थांबतो. यावेळी आम्ही वाचकांस बालाघाटच्या रानातील ऐन-अर्जुनाच्या झाडांकडे नेऊ इच्छितो. तेथील कोशातून पतंग बाहेर पडला की विणकर हळहळतो. भोक पडलेल्या कोशाचा अखंड धागा निघत नाही. पतंगास चावणारा जबडा नसतो. तो तोंडावाटे एक विकर सोडतो, हे १९६४ साली काफाटोस आणि विल्यम्स या अभ्यासकांनी आपल्या टसरच्या जवळच्या जातींवर दाखविले. ते विकर तंतूंना चिकटविणारे डिंकासारखे प्रथिन तेवढे विरघळविते. मूळ तंतू शाबूत राहतो.

कापणाऱ्यास काय कापावे हे कळते कसे? या प्रश्नाचा याहून नाजूक अध्याय आपल्याच पेशींत घडतो.

१९७५ साली गोल्डस्टाईन यांनी एक चिमुकले प्रथिन वेगळे केले. त्यात अमिनो आम्ले अवघी ७६. ते सर्वत्र आढळते असे वाटून पुढे त्याचे नाव यूबिक्विटिन पडले. (नामकरणात थोडी घाईच झाली, जीवाणूंत ते सहसा नसते.) हर्श्को, सिचॅनोव्हर आणि रोझ यांनी १९८० च्या सुमारास दाखविले की, हे प्रथिन ज्यास चिकटते त्याची पेशी विल्हेवाट लावते. २००४ चे नोबेल त्यांना मिळाले. विजयकुमार, बग आणि कुक यांनी १९८७ साली क्ष-किरणांनी त्याची घडण बारकाईने रेखाटली.

पुढे कळले की यूबिक्विटिनच्या साखळ्या बनतात आणि गाठ कोठे बसली यावर निरोप ठरतो. अठ्ठेचाळिसाव्या जागेवरील गाठ बहुधा विनाश सुचविते, त्रेसष्टाव्या जागेवरील गाठीची कामे निराळी. मणी सारखेच, गाठी आठ प्रकारच्या. म्हणजे त्या सोडविणाऱ्या कात्रीने मणी ओळखून भागत नाही, गाठ ओळखावी लागते.

२००८ साली जपानी संशोधकांनी अशी एक कात्री साखळीसह स्फटिकरूपात पाहिली. त्रेसष्टाव्या जागेच्या दोन्ही बाजूंची अमिनो आम्लेही ती चाचपून पाहते, असे आढळले. आम्हांस अधिक विस्मय वाटतो तो ओट्युलिनचा. टोकास टोक जोडून बनलेली सरळ साखळी तेवढीच हे विकर कापते. एकटे असताना त्याची धार मिटलेली असते, कारण कापण्यास लागणारे हिस्टिडीन भलत्याच दिशेस वळलेले असते. योग्य साखळी आत शिरली की तिच्याच एका मण्यावरील सोळावे अमिनो आम्ल, ग्लुटामिक आम्ल, त्यास जागेवर आणते. कुलपात किल्ली फिरावी, तसे. केंब्रिजच्या कोमांडर यांच्या गटाने २०१३ साली हे उलगडले.

ही केवळ प्रयोगशाळेतील नवलाई आहे, असा समज आमचाही काही काळ होता. २०१६ साली तो पुसला गेला. वारंवार ताप, त्वचेखालील दाह, अतिसार आणि खुंटलेली वाढ अशी लक्षणे असलेल्या काही तान्ह्या मुलांत ओट्युलिनचे जनुक सदोष आढळले; माता आणि पिता या दोघांकडूनही दोष आलेला. सरळ साखळ्या दाहाचा निरोप देतात. त्या कापल्या न गेल्यामुळे जंतुसंसर्ग नसतानाही शरीर पेटत राही. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाहकारक प्रथिनास अडविणारे औषध दिल्यावर मुलांचा ताप उतरला आणि वजन वाढू लागले.