हिमालयातला बर्फ आणि करमाळ्याचा पाऊस

मंडळी, आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींनी विचारलं, करमाळ्यात बर्फाचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर उजनीच्या मासळीच्या पेट्यांत भरतात तो. तरीही आम्ही हा विषय घेतला. कारण हिंदुस्थान सरकारनं हिमालयातल्या बर्फाची पद्धतशीर नोंद घ्यायला सुरुवात केली, ती इथल्यासारख्या कोरड्या मुलखात पाऊस येईल की नाही हे कळावं म्हणून. गुलमर्गला स्कीइंग करणाऱ्यांसाठी बर्फाची रोजची खबर निघते, ती फार पुढची गोष्ट.

सुरुवात 1876 पासून करू. त्या साली सोलापूर जिल्ह्यात मृगापासूनच पाऊस कमी होता आणि पुढं उत्तरा-हस्तानं पाठ फिरवली. कोकणातल्या माणसाला सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस म्हणजे जाता पाहुणा. आपल्याकडं तोच घरचा कर्ता. रब्बीची ज्वारी त्याच्याच ओलीवर उभी राहते. तो चुकला की कणगी रिकामी, कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणजे बैल गेला. मुंबई इलाख्यात सोलापूर, कलादगी, पुणे, नगर, सातारा या पट्ट्यानं तो दुष्काळ सोसला. पलीकडं मद्रास आणि म्हैसूर होरपळले. पुढच्या वर्षी, 1877 ला, उत्तर हिंदुस्थानात पाऊस फसला. दोन वर्षांत 50 लाखांहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. रेल्वे होती, धान्य परदेशी जात होतं, आणि माणसं खडी फोडत मरत होती. दुष्काळ फक्त आभाळानं घडवला, असं आम्ही म्हणणार नाही. पण आभाळाकडं बघण्याची गरज सरकारला वाटली ती याच काळात.

हवामान खातं तेव्हा नुकतंच जन्मलं होतं, 1875 मध्ये. त्यामागं 1864 चं कलकत्त्याचं चक्रीवादळ होतं, 1866 आणि 1871 च्या फसलेल्या पावसाळ्यांची धास्ती होती. खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ, खडक वाचणारा माणूस. त्याच्यापुढं प्रश्न असा टाकला गेला, की पाऊस फसणार हे दोन महिने आधी सांगता येईल काय?

आता आपले आजे-पणजे हे उत्तर वेगळ्या ठिकाणी शोधत होते. पाडव्याला पंचांगातलं वर्षफल ऐकायचं, नक्षत्राचं वाहन कोल्हा आहे की म्हैस आहे की बेडूक, ते बघायचं. ब्लॅनफर्डनं उत्तरेकडं, डोंगराकडं बघितलं. त्याचा तर्क साधा होता. ज्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात पश्चिम हिमालयात बर्फ जास्त पडतो आणि उशिरापर्यंत टिकतो, त्या वर्षी तो वितळवण्यातच सूर्याची बरीच उष्णता खर्च होते. जमीन तापायला उशीर होतो, वायव्येकडून कोरडे वारे वाहत राहतात, आणि मोसमी वाऱ्याला आत शिरायला वाट मिळत नाही. बर्फ भारी, तर पाऊस हलका. 1882 पासून त्यानं या आधारावर अंदाज करून पाहिले, 1884 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं निबंध ठेवला, आणि 4 जून 1886 रोजी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशासाठी पावसाळ्याचा पहिला अधिकृत अंदाज दिला. संपूर्ण मोसमाचा असा अंदाज नियमानं देण्याची जगातली ही पहिली मोठी खटपट मानतात. तिचा पाया म्हणजे हिमालयातल्या बर्फाच्या बातम्या.

त्या बातम्या यायच्या कशा? उपग्रह नव्हते. डोंगरी जिल्ह्यांतले अधिकारी आणि चौक्यांवरची माणसं कळवायची: अमुक खिंड बंद आहे, तमुक डोंगरावर नेहमीपेक्षा खाली बर्फ आहे. खात्याच्या टेबलावर अशी पत्रं जमायची आणि त्यातून ठरायचं, की खाली दख्खनमध्ये भीमा-सीनेच्या मधल्या शेतकऱ्यानं पेरावं की हात राखावा. अर्थात तो अंदाज त्या शेतकऱ्याकडं कधी पोचला का, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अंदाज सरकारसाठी होता. सारा, धान्याचे भाव, दुष्काळी कामांची तयारी, यासाठी.

ब्लॅनफर्डनंतर जॉन एलियट आला. त्यानं बर्फाला आणखी गोष्टी जोडल्या: उन्हाळ्यातलं देशातलं हवामान, हिंदी महासागर, थेट ऑस्ट्रेलियाकडची हवा. अहवाल लांबत गेले, पानांमागून पानं. आणि 1899 ला त्यानं चांगल्या पावसाचा अंदाज दिला. त्या वर्षी काय झालं ते गुजरातेत ‘छपनिया’ म्हणून आजही सांगतात. दख्खनही सुटला नाही. वर्तमानपत्रांनी झोडपल्यावर सरकारनं केलं काय, तर काही वर्षं अंदाजच गोपनीय ठेवले. फक्त अधिकाऱ्यांनी वाचायचे. चुकलेला अंदाज सुधारण्यापेक्षा तो लपवणं सोपं, हे शहाणपण त्या खात्यात तेव्हाच आलं होतं म्हणायचं!

1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर आला, केंब्रिजचा गणिती. त्यानं तर्क बाजूला ठेवून आकडे मांडले. जगभरच्या ठाण्यांचे वायुभार आणि तापमान घेऊन, कशाचं कशाशी नातं जुळतं ते तपासलं. त्यातून ‘सदर्न ऑसिलेशन’ सापडलं. आज टीव्हीवर एल निनो हा शब्द येतो, त्याचा निम्मा हिशेब तिथला. त्याच्या सूत्रातही सुरुवातीला हिमालयाचा बर्फ होताच. वॉकरची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. अख्ख्या देशाला एक आकडा देण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यानं देशाचे विभाग पाडले. द्वीपकल्पाचा अंदाज वेगळा, वायव्येचा वेगळा.

1928 मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ म्हणून चौक आहे. रोज हजारो माणसं तिथं बस बदलतात, करमाळ्याची पोरंही बदलतात. त्या नावात शिमला कुठून आला, तर असा आला.

पुढं बर्फाचं महत्त्व कधी घटलं, कधी वाढलं. 1976 मध्ये हान आणि शुक्ला यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून युरोप-आशियातल्या बर्फाचं आणि मोसमी पावसाचं उलटं नातं पुन्हा दाखवलं. 1988 मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी 16 घटकांचं सूत्र आणलं, त्यातही हिमालयातलं आणि युरेशियातलं बर्फाचं आच्छादन हे घटक होते. ते सूत्र काही वर्षं चाललं. 2002 ला अंदाज होता 101 टक्क्यांचा, पाऊस पडला 81 टक्के. दुसऱ्याच वर्षी सूत्र बदललं. आमचं मत विचाराल तर गोवारीकरांना त्या एका वर्षावरून तोलणं अन्याय आहे. पण एक गोष्ट खरी: हा सगळा शंभर-सव्वाशे वर्षांचा उद्योग एकाच प्रश्नाचं उत्तर देत होता. यंदाचा मोसम कसा जाईल? आज दुपारी, या ठिकाणी, माझ्या जिवाला धोका आहे का, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न बर्फाच्या बाबतीत दुसरीकडं विचारला गेला. स्वित्झर्लंडमध्ये 1936 साली दावोसच्या वर, वाइसफ्लूयोख नावाच्या डोंगरावर, काही संशोधकांनी बर्फातच लाकडी झोपडी टाकून प्रयोगशाळा मांडली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला डोंगरावर वावरायचं होतं, तेव्हापासून हिमस्खलनाच्या सूचना निघू लागल्या, आणि युद्धानंतर त्या सामान्य माणसासाठी निघत राहिल्या. 1951 च्या हिवाळ्यात तिथं हिमस्खलनांत शंभराच्या आसपास माणसं गेली, मग कामाला आणखी जोर आला. 1993 मध्ये युरोपातल्या देशांनी मिळून धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी ठरवली.

हे धोक्याचं गणित जरा समजून घेऊ, कारण त्यात गंमत आहे. हिवाळ्यात बर्फ थराथरानं साठतो. थंडीत, पातळ बर्फात, तळाशी कधी कधी दाणे तयार होतात, एकमेकांना न चिकटणारे. आपल्या साखर कारखान्याच्या तालुक्यात हे समजायला सोपं: पसरलेल्या साखरेवर फरशी ठेवल्यासारखं. वरून वादळानं नवा बर्फ आणून टाकला, वाऱ्यानं तो डोंगराच्या आडोशाला दाबून बसवला, की ती फरशी झाली. उतार साधारण 30 ते 45 अंशांचा असला, आणि वरून एखादा स्कीवाला गेला, की साखर सरकते आणि फरशी तुटून खाली येते. अशा अपघातांत सापडणाऱ्यांपैकी दहात नऊ जणांच्या वेळी ती फरशी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं तोडलेली असते. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानं आशा फार कमी.

म्हणून तिथली सूचना रोज निघते, आणि ती बोलते बारकाईनं: इतक्या उंचीच्या वर, उत्तरेकडच्या उतारांवर, वाऱ्यानं साठलेल्या बर्फात धोका, पायरी तिसरी. आणि ऐका, सगळ्यात जास्त माणसं पाचव्या पायरीला मरत नाहीत. पाचव्या दिवशी कुणी घराबाहेरच पडत नाही. निम्म्याच्या आसपास मृत्यू तिसऱ्या पायरीला होतात. तीन म्हणजे मधलं, म्हणजे चालतंय, असं माणसाचं मन धरतं.

आपल्या देशात हे काम सैन्याच्या गरजेतून आलं. 1969 मध्ये मनालीला हिम आणि हिमस्खलन अध्ययन संस्था सुरू झाली. 2020 मध्ये ती दुसऱ्या संरक्षण संस्थेत मिसळली. चंदीगडहून आजही हिवाळ्यात सूचना निघते: अमुक जिल्ह्यात, 2,800 मीटरच्या वर, येत्या 24 तासांत. सियाचिनवर 1984 पासून आपले जवान आहेत. 3 फेब्रुवारी 2016 ला सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जण गेले, त्यात आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला एक होता. गुलमर्गच्या वर खिलनमर्गला 8 फेब्रुवारी 2010 रोजी युद्धशाळेचे 17 जवान गेले. त्याच डोंगरावर आता गोंडोला थेट अफरवटच्या खांद्यापर्यंत जातो, जगभरचे स्कीवाले येतात, आणि 2023 मध्ये दोन पोलिश, 2024 मध्ये एक रशियन माणूस तिथं दगावला. डोंगर तोच, बर्फ तोच. सैनिकाला जावंच लागतं, स्कीवाला हौसेनं जातो. सूचना दोघांनाही लागते.

आता खाली येऊ. आपल्याकडं काय मिळतं? हवामान खात्याचे चार रंग: हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. पण लक्ष ठेवायचं कुणी, कुठं, किती वाजता? रंग जिल्ह्याला लागतो. सोलापूर जिल्हा अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत पसरलाय. तिकडं पाऊस झोडपत असतो तेव्हा इकडं धूळ उडत असते. महावेधची यंत्रं महसूल मंडळांत बसली, राज्यात दोन हजारांवर, ही चांगली गोष्ट झाली. पण ती सांगतात झालेला पाऊस, वाहून गेलेला वारा. विजेसाठी पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, ते मात्र जागेवरची गोष्ट सांगतं. ज्यानं ते फोनवर घेतलं नसेल त्यानं आज रात्री घ्यावं.

आणि उजनी. 1980 मध्ये धरण झालं, भीमेचं पाणी फुगून करमाळा आणि इंदापूर यांच्या मधे पसरलं. पूर्वी जी गावं नदीच्या अल्याड-पल्याड होती, त्यांच्या मधे मोठा जलाशय आला. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, म्हणून माणसं होडीनं जातात. पोरं, मोटारसायकली, सगळं होडीत. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली होडी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलं होती. दोन दिवसांनी मृतदेह मिळाले.

वळवाचा वारा मे महिन्यात दुपारनंतर उठतो, हे करमाळ्यात कुणाला सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत पाणी आरशासारखं असतं. मग ढग चढतो, आधी धूळ येते, पाच-दहा मिनिटांत लाट उठते, आणि होडी तेव्हा मधोमध असते. काठावर उभ्या माणसाला त्या घटकेला जे ठरवायचं असतं, ते तिसऱ्या पायरीवरच्या स्कीवाल्यासारखंच आहे: पाणी तर शांत दिसतंय, पलीकडं लग्न आहे, नाहीतर घर आहे, होडी भरलीय. गुलमर्गला त्या माणसाच्या हातात त्या दिवसाचा, त्या उताराचा कागद देता येतो. कुगावच्या धक्क्यावर एक फळा लावायला किती खर्च येईल? वर लिहायचं: आज दुपारी तीननंतर वारा, शेवटची होडी अडीचला, जाकीट घातल्याशिवाय बसायचं नाही. खालून वाऱ्याचा वेग मोजणारं एक यंत्र, आणि ते वाचून होडी थांबवायचा अधिकार असलेला गावचाच एक माणूस. हवामानाचा अंदाज पुण्यात तयार आहे. तिथून धक्क्यापर्यंतचं अंतर अजून कापायचं आहे, आणि पुढचा मे यायला आता किती महिने उरलेत ते मोजून बघा. प्रश्न असतील तर विचारा, माईक मागे देतो.