शिक्का, कागद आणि विश्वास : ताम्रपटाच्या कडीपासून रबरी स्टॅम्पपर्यंत

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा बसमध्ये रेंज गेली, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवातीला एक काम करा. तुमचं जुनं हॉलतिकीट किंवा कॉलेजचं ओळखपत्र डोळ्यांसमोर आणा. फोटोवर गोल शिक्का मारलाय ना? पण तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर. असा तिरकाच का मारतात? साहेबांचा हात हलला म्हणून? नाही. त्या अर्ध्या-अर्ध्या शिक्क्यामागे हजारेक वर्षांचं डोकं आहे. आजचा भाग त्याबद्दल.

आपण सुरुवात करू वेळापूरपासून. सोलापूर जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं हे गाव. आषाढी वारीत माउलींची पालखी इथे मुक्कामाला असते. त्या दिवसांत पितळी छाप आणि गंधाची वाटी घेतलेली माणसं वाटेवर दिसतात. छाप गंधात बुडवला, कपाळावर टेकवला, नाम उमटलं. गोपीचंदनाच्या मुद्रा अंगावर उमटवण्याची रीत तर फार जुनी. म्हणजे शिक्का हा काही फक्त सरकारी कचेरीचा मामला नाही. 'मी या वाटेवरचा आहे' हे सांगायलाही आपण शिक्काच वापरला.

याच वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं मंदिर आहे आणि यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातले शिलालेख आहेत. त्या काळी महत्त्वाची गोष्ट टिकवायची तर दगडावर कोरायची. दगडावरचं दान कुणी मोडू नये म्हणून वर चंद्र-सूर्य कोरायचे. म्हणजे ते आहेत तोवर हे दान. महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशा दगडांवर खाली गाढवाचं शिल्प असलेली अर्वाच्य शिवीही दिसते. त्याला गधेगाळ म्हणतात. थोडक्यात, कायदा मोडलास तर बघ!

दगड घरी नेता येत नाही. ज्याला जमीन मिळाली त्याच्या हातात द्यायला ताम्रपट असायचा. तांब्याचे दोन-तीन पत्रे, त्यांना भोक पाडून ओवलेली कडी, आणि कडीची दोन्ही टोकं जिथे जुळतात नेमकी तिथेच राजाची मुद्रा. कुणाचा गरुड, कुणाचा वराह. आता विचार करा, मधेच एखादा खोटा पत्रा घुसवायचा तर कडी उघडायला हवी, आणि कडी उघडायची तर मुद्रा तोडायला हवी. शिक्का मारायचा तो सांध्यावर. हे सूत्र लक्षात ठेवा.

कागद येतो

दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी तिथे हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर आले, असं परंपरा सांगते. पुढे जुन्नरचा कागद नावाजला. पेशवाईत तिथले कागदी पुण्यात आले आणि मुठेकाठी कागदीपुरा वसला.

हा कागद लाकडाचा नव्हता. चिंध्या, ताग, जुनी दोरखंडं भिजवायची, कुटायची, नदीवर धुवायची. लगदा हौदात कालवायचा आणि चाळणीसारख्या साच्यावर एकेक ताव उचलायचा. मग वाळवायचा, खळ द्यायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. बोरूची शाई फुटू नये म्हणून ही घोटाई. टाकाऊ चिंध्यांपासून केलेले हे कागद आज तीनशे वर्षांनीही वाचता येतात!

कागद आला तसा शिक्काही बदलला. काजळीची शाई लावून तो उमटवायला लागले. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा आज टी-शर्टवर, गाड्यांवर दिसते. पण तिचं मूळ काम होतं पत्र खरं ठरवण्याचं. रांझे गावच्या पाटलाला शिक्षा केल्याचं १६४६ मधलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यावर ही मुद्रा आहे. आजूबाजूला फारसी शिक्क्यांचा जमाना असताना ही मुद्रा संस्कृतात होती.

राजमुद्रेला एक धाकटी जोडीदारीण आहे, मर्यादामुद्रा. मजकूर संपला की शेवटी ही मारायची. का? तर त्याखाली कुणी गुपचूप एखादी ओळ वाढवू नये म्हणून. आपण 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो ना, त्यातला 'मोर्तब' हा फारसीतून आलेला शब्द. काम रीतसर पुरं झालं, असा त्याचा अर्थ. आणि लांब कागदाला दुसरा ताव चिकटवला, तर जोडाच्या पाठीवर शिक्का. पुन्हा तेच सूत्र. कडीचा सांधा गेला, कागदाचा जोड आला.

ज्याच्याकडे शिक्का नव्हता त्याचं काय?

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे. गावात वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. साक्षीला बलुतेदारही असायचे. लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांचं मत बाद होत नसे. ते आपली निशाणी करायचे. पाटलाचा नांगर, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्या हत्याराने पोट भरतं, तीच सही! राजाच्या मुद्रेखाली न्हाव्याचा आरसाही पुरावा ठरत होता.

पण याची दुसरी बाजू कडू आहे. इंग्रजांनी १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याचं बळ दिलं. पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्यांना विचारलं, सनद दाखवा, शिक्का दाखवा. कुणाची सनद वाळवीने खाल्लेली, कुणाची लुटीत गेलेली. जमीन डोळ्यांसमोर होती, पण कागद नव्हता. अनेकांची इनामं गेली. दक्षिण महाराष्ट्रात १८५७ च्या सुमारास जो असंतोष होता, त्याच्या कारणांत हेही एक. कागद सांभाळणं म्हणजे हौस नव्हती, ती भाकरी होती.

रबर कुठून आलं?

चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली. त्या रबराच्या कवळ्या निघाल्या. अमेरिकेत १८६० च्या दशकात कुणीतरी त्याच दाताच्या डॉक्टरांच्या भट्टीत अक्षरांचे साचे घातले, आणि रबरी शिक्का जन्मला. हो, ग्रामपंचायतीच्या गोल शिक्क्याचे पूर्वज कवळीच्या कारखान्यात सापडतात! धातूचा शिक्का महाग होता. रबराचा कुणालाही परवडला, त्यामुळे राजाकडची वस्तू कारकुनाच्या टेबलावर आली.

त्याच शतकात गिरणीच्या कागदाने हातकागदाचा धंदा बसवला. गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ काढल्यावर त्याला पुन्हा हात मिळाला आणि के. बी. जोशींच्या पुढाकाराने १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. आज लग्नपत्रिका, आकाशकंदील, ग्रीटिंग कार्ड, स्क्रॅपबुक असं कागदाचं काम करणारी मुलं हातकागदावर लाकडी-रबरी छाप उठवतात, तेव्हा हे दोन्ही धागे पुन्हा एकत्र येतात.

आता शेवटचं. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. मजकुरात एक अक्षर बदललं तरी डिजिटल सही जुळत नाही. म्हणजे शाई गेली, सांधा मात्र राहिला.

पण घरातल्या जुन्या ट्रंकेचं काय? त्यात मोडी लिहिलेला एखादा पिवळा कागद असेल तर तीन गोष्टी करा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, आणि उजेडात मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठीचा फोटो विसरू नका, जोडावरचा शिक्का तिथेच असतो. मग मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ हेच काम करतंय.

आणि त्यात नांगर, चाक किंवा आरसा काढलेला दिसला, तर आम्हाला जरूर कळवा. कुणाच्या तरी पणजोबांची ती सही असेल. भेटू पुढच्या भागात!