पितळी इंजिन

धारवाड ही सदर्न मराठा रेल्वेची राजधानी. कंपनी १८८२ची, हुबळीचा कारखाना १८८५चा. तिथं मीटरगेजची इंजिनं दुरुस्त व्हायची. आता इथे तो रूळही उरला नाही.

सुभाष रोडवर आमच्या घरी भाचा तसलंच इंजिन जोडतोय, सत्त्याऐंशी पट लहान. पितळी पत्र्याला डाख द्यायचा, मग स्वच्छ घासायचं. तेलकटपणा राहिला तर रंगाचे पोपडे सुटतात. चिंचेनं तांब्या घासणाऱ्या आपल्याला हे काय नवीन? रिव्हेटचं एकेक टिंब मात्र मागून टोचून उठवावं लागतं. इतिहासात कंपनीचं नाव राहिलं. खरे रिव्हेट ठोकणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. त्यांच्या कष्टांची मोजदाद निदान या टिंबांत तरी होते.