पाठीवर ३८ किलो : देहावरील बिनतारी जाळ्याची जन्मकथा #थ्रेड

१/ काळ १९४०च्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील हेलेना येथे एक संशोधक पाठीवर सुमारे ३८ किलोचे यंत्र बांधून व्यायामाची सायकल चालवीत होता. त्याच्या हृदयाचे स्पंदन रेडिओलहरींवर स्वार होऊन दूरच्या यंत्रावर उमटत होते. त्याचे नाव नॉर्मन होल्टर.

२/ हा खटाटोप कशासाठी? त्यापूर्वी नेदरलंड्समध्ये विलेम आइंथोवेन यांनी हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढला होता. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो! ते रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून १९०५ साली त्यांनी लायडेनच्या रुग्णालयातून दीड किलोमीटरवरील प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने स्पंदने आणली. १९२४ साली त्यांना नोबेल मिळाले.

३/ तरी अडचण उरलीच. आलेखासाठी रुग्णाने निश्चल राहायचे. पण कित्येकांच्या हृदयाचा ताल नेमका जिना चढताना, कामाच्या घाईत वा झोपेत बिघडतो. तपासणीच्या वेळी मात्र सारे आलबेल! असा आजार सापडायचा कसा?

४/ म्हणूनच होल्टरना हृदय पाहायचे होते ते चालत्याबोलत्या माणसाचे. १९४९ साली त्यांनी जोसेफ गेंगेरेली यांच्यासह ही रेडिओपद्धती प्रसिद्ध केली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे यंत्र आटोपशीर झाले आणि रेडिओऐवजी फितीवरील नोंद सोयीची ठरली. ‘सायन्स’मधील त्यांचा गाजलेला लेख १९६१चा. आजही डॉक्टर ‘होल्टर लावा’ म्हणतात, ते यांच्याच नावाने.

५/ त्याच वर्षी, १२ एप्रिलला, युरी गागारिन अंतराळात गेले. त्यांच्या हृदयाची व श्वासाची नोंद रेडिओद्वारे पृथ्वीवर पोहोचत होती.

६/ १९९६ साली टॉमस झिमरमन यांनी निराळीच वाट मांडली : मानवी देहच संदेशाचा वाहक! २०१२ साली देहावरील, देहातील व देहालगतच्या उपकरणांसाठी ‘आयईईई ८०२.१५.६’ हे स्वतंत्र मानक आले.

७/ मात्र तार गेली, तसा तिचा आडोसाही गेला. २००८ साली अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की, हृदयासाठी देहात बसवलेल्या एका उपकरणाला परका माणूसही बिनतारी आज्ञा देऊ शकतो. माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या उपकरणाची बिनतारी सोय घातपाताच्या भीतीने २००७ सालीच बंद करण्यात आली होती. ही गोष्ट त्यांनी २०१३ साली उघड केली.

८/ ३८ किलोंचे ओझे आज मनगटावर मावते. हृदयाची वार्ता डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न बराचसा सुटला. ती इतर कोणाच्या हाती पडू नये, हा प्रश्न या पिढीच्या वाट्याला आला आहे.