उतरायची जागा

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. निमित्त एका नकाशाचं.

मागच्या महिन्यात पुण्याहून चुलतभावाने कुरिअरने एक गुंडाळी पाठवली. मोठे काका गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना सापडली म्हणाला. "अक्षर तुझं दिसतंय." उघडून बघते तर आमच्या पालघर-बोईसरचा नकाशा, त्यावर पेन्सिलची पाच वर्तुळं, आणि कोपऱ्यात लिहिलेलं: 'पालघर ते बोईसर आणि परत. इंजिनाशिवाय.' साल १९८६. दहावीची परीक्षा देऊन मी सुट्टीला काकांकडे हडपसरला गेले होते, तेव्हाचा हा उद्योग!

घरच्या मंडळींना काकांचं ग्लायडरचं वेड ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडं मागून सांगते.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ते सतत खालीच येत असतं. फक्त फार हळू येतं, आणि आजूबाजूची हवा त्याहून वेगाने वर चढत असेल तर हवेबरोबर तेही वर जातं. घार पंख न हलवता गोल गोल वर जाते ना, तसंच. पण घारीला जे जन्मतः कळतं ते कळायला माणसाला फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधनं आली, तेव्हा तिथली तरुण मुलं इंजिनाशिवाय उडायला लागली. १९२० साली वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर त्यांची पहिली स्पर्धा भरली. सुरुवातीला सगळे डोंगराला धरून उडत, कारण वारा उतारावर आपटून वर चढतो एवढंच माहीत होतं. मग हवा वर चाललीय की खाली हे दाखवणारं यंत्र आलं, व्हेरिओमीटर. १९२९ साली रॉबर्ट क्रोनफेल्डने १०० कि.मी.ची वेस ओलांडली. त्याच सुमारास तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, गिरक्या घेऊन उंची मिळवायची युक्ती साधली आणि डोंगराचा पदर सुटला. पुढे २००३ साली अँडीज पर्वतात ३००० कि.मी.हून लांब उड्डाण झालं. तेही इंजिनाशिवाय.

हे वेड आपल्याकडे सरकारी वाटेने आलं. हडपसरला सासवड रस्त्याजवळ नागरी विमान खात्याचं ग्लायडिंग सेंटर होतं, काका तिथे शिकले. त्याच खात्याने दिल्लीत देशी ग्लायडरही तयार केली. त्यांची नावं मला फार आवडतात: अश्विनी १९५८ साली उडालं, रोहिणी १९६१ साली, कार्तिक १९६३ साली आणि मृगशीर १९७० साली. आपल्या शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रंच जणू. रोहिणीत गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसत. विंचला बांधलेल्या लांब तारेने ग्लायडर पतंगासारखं वर ओढायचं, साधारण ३०० मीटरवर तार सोडायची, की पुढे तुम्ही आणि हवा. थर्मल सापडलं तर ठीक, नाहीतर काही मिनिटांत परत मैदानावर.

या खेळात एक रौप्य बिल्ला असतो, जगभर सारखा. त्याला तीन गोष्टी लागतात: ५ तास हवेत राहणं, १००० मीटर उंची कमावणं आणि ५० कि.मी. लांब जाणं. काकांच्या पहिल्या दोन झाल्या होत्या. तिसरीसाठी १९६८च्या एप्रिलमध्ये ते दौंडच्या दिशेने निघाले. पुण्याहून पूर्वेलाच जायचं, कारण पश्चिमेला सह्याद्री आणि उत्तरेला १०-११ कि.मी.वर लोहगावचा हवाई दलाचा तळ. पूर्वेला मात्र उघडं, तापलेलं पठार. दौंड सरळ रेषेत ६५ कि.मी.च्या पुढे.

काका यवतजवळ उतरले. म्हणजे जेमतेम ३५ कि.मी. ज्वारी काढलेल्या रिकाम्या रानात. माणसं धावत आली, "विमान पडलं का?" म्हणून. काका म्हणाले, "पडलं नाही, उतरलं." शेतकऱ्याने भाकरी-पिठलं दिलं. रात्री सेंटरची माणसं ट्रेलर घेऊन आली, पंख सोडवून ग्लायडर त्यावर चढवलं. पुढे लग्न, नोकरी, बदली... तो बिल्ला राहिला तो राहिलाच.

१९८६ साली हे ऐकून मी अगदी सहज म्हणाले होते, "म्हणजे तुमचं हुकलंच ना, काका?"

काका रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, दौंड गाठणं माझ्या हातात नव्हतं. हवा संपल्यावर कुठे उतरायचं ते हातात होतं. ते मी घरी बसून, दोन दिवस आधी ठरवलं होतं." मग म्हणाले, "तू कर बघू तुझ्या गावाचा बेत."

मी नकाशा आणला (नंतर तो त्यांच्याकडेच राहिला) आणि पालघरहून बोईसरला पट्टीने सरळ रेघ मारली. शाळेत जेआरडी टाटांचं वाचलं होतं, १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणल्याचं. तुम्हीही अहमदाबाद आणि जुहूवर पट्टी ठेवून बघा, रेघ आमच्या बोईसर-पालघरला अगदी लागून जाते! आपल्याही डोक्यावरून विमानाची वाट गेली असेल याचं मला कोण अप्रूप. काकांनी माझी रेघ खोडरबराने पुसली. "रेघेवरून इंजिनवाले जातात. आपण आधी उतरायच्या जागा शोधायच्या, मग त्या जोडायच्या."

आणि मग हिशेब. ग्लायडर १ मीटर खाली येताना २५ मीटर पुढे जातं असं धरू. म्हणजे १००० मीटरवरून २५ कि.मी. पालघर-बोईसर सरळ ११, जाऊन-येऊन २२, वर ३ शिल्लक. मी खूश! काका म्हणाले, "पगार झाला की आधी भाडं बाजूला काढतात ना? हजारातले तीनशे मीटर उतरण्याचे. तिथून खाली आल्यावर बेत बदलायचा नाही, ठरलेल्या जागीच उतरायचं. उरले सातशे. त्याचे साडेसतरा कि.मी. आता समोरून वारा, मध्येच खाली जाणारी हवा, म्हणून त्याचं निम्मं. राहिले नऊ." प्रत्येक जागेभोवती ९ कि.मी.चं वर्तुळ काढायचं आणि सतत कुठल्या ना कुठल्या वर्तुळात राहायचं. एकातून बाहेर पडण्याआधी दुसऱ्यात पाय हवा.

मी पाच जागा शोधल्या. कोळगावची गवताची मोकळी जमीन, उमरोळीचा माळ, बोईसरच्या पूर्वेला एक पडीक रान, आणि शिरगाव व नवापूरचे किनारे. भाताची खाचरं बाद, कारण दर चार पावलांवर बांध. मिठागरं बाद. नवापूरपाशी काकांचं बोट थांबलं. "शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र. १९६९ पासून चालू आहे. तिथे घिरट्या घालू देईल का कुणी?" नवापूर बाद. मग शिरगाववर बोट ठेवून विचारलं, "इथे दुपारी बाराला पाणी कुठे असतं?"

मला सांगता येईना. जन्मापासून समुद्राजवळ राहिलेली मी, आणि पुण्याचा माणूस मला भरती-ओहोटी विचारतोय!

घरी आल्यावर आजीला विचारलं. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, "तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ." अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणजे बाराला वाळू पाण्याखाली. वर तिने हेही सांगितलं की अष्टमीला भांग असतो, पाणी फार लांब जात नाही, वाळूची पट्टी अरुंदच मिळेल. चौथी शिकलेल्या आजीने माझा बेत दोन वाक्यांत दुरुस्त केला.

त्या उन्हाळ्यात मी गच्चीवरून घारी बघत बसायचे. अकराच्या सुमारास बोईसर स्टेशनवर त्या मस्त गिरक्या घेत. मग पश्चिमेचा खारा वारा सुटला की तासाभरात आकाश रिकामं, आणि घारी पूर्वेला, काळदुर्गाच्या बाजूच्या डोंगरांकडे. काकांना पत्राने कळवलं. उत्तर आलं: समुद्रावरची थंड हवा आत आली की जमीन तापायची थांबते, थर्मल मरतात. पण ती थंड हवा जिथे गरम हवेला धडकते तिथे मात्र हवा वर उठते. घारी त्या सीमेबरोबर सरकतात. इंग्लंडच्या दक्षिणेकडचे ग्लायडरवाले हेच वापरतात. ग्लायडरचं मैदान पुण्याच्या पठारावर का आणि आमच्या किनाऱ्यावर का नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी कधीच ग्लायडर उडवलं नाही. बारावी, बी.एस्सी., मग एमआयडीसीत प्रयोगशाळेत नोकरी. पण 'आधी भाडं बाजूला काढ' हे मात्र आयुष्यभर पुरलं. वडिलांच्या आजारपणात, कंपनी बंद झाली तेव्हा, मी दरवेळी आधी उतरायची जागा बघून ठेवली. काही जणांना तो भित्रेपणा वाटला. वाटू दे.

परवा नकाशा टेबलावर पसरून जागा पुन्हा तपासल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, कोळगावच्या मोकळ्या जमिनीवर आता जिल्ह्याचं मुख्यालय आहे. बोईसरच्या रानात इमारती. उमरोळीच्या माळावर मी खूणच ओळखू शकले नाही. हडपसरच्या मैदानालाही शहराने चारी बाजूंनी वेढलंय, आणि यवतच्या रस्त्याला काकांसारखं उतरायचं म्हटलं तर किती रिकामी रानं मिळतील कोण जाणे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. तेव्हा अजून बदल होणारच. लोकांना घरं, नोकऱ्या हव्यात, मलाही हवी होती. तक्रार नाही. पण वरून बघणाऱ्याच्या नजरेने बघितलं की एवढं कळतं: आपण चुकलो तर टेकायला जागा कमी कमी होत चाललीय.

पाचातलं एकच वर्तुळ मी पुसलं नाही. शिरगावचं. तेही तिथी बघून!

चुलतभावाने विचारलंय, नकाशा परत पाठवतेस का, फ्रेम करू म्हणून. नाही पाठवणार. भाची आली होती, तिने विचारलं ही वर्तुळं कसली. तिला म्हटलं, आधी सांग, आज तिथी कोणती?