कॅरॅव्हॅन सपाट उभी करायची कशी: हायड्रॉलिक लेव्हलिंग की इलेक्ट्रिक?

शेतात बोअर मारायला गाडी येते तेव्हा ती सगळ्यात आधी काय करते, आठवून बघा. चालक लिव्हर ओढतो, खालून जाडजूड पाय बाहेर येतात, जमिनीवर टेकतात आणि अख्खा ट्रक हळूहळू सरळ होतो. मग ड्रिलिंग. कॅरॅव्हॅनचं, म्हणजे ज्याला परदेशात आरव्ही म्हणतात त्या गाडीचं, लेव्हलिंग म्हणजे हेच. फक्त इथे बोअरऐवजी आत झोपणारी माणसं असतात.

हा विषय माझ्याकडे घरातूनच आला. आमचं गाव खुटबाव, तालुका दौंड. माझ्या चुलत भावाने, दादाने, जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरॅव्हॅन करायला टाकलीय. काही महिने भाड्याने फिरवायची, उरलेले दिवस मळ्यात आंब्याखाली पाहुण्यांसाठी उभी ठेवायची असा बेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे होतं. आतलं फर्निचर झाल्यावर हौसेने आजीला पहिल्या रात्री आत झोपवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. रात्री उठताना तिचा तोल गेला, पलंगाची कड हाताला लागली म्हणून वाचली. सकाळी मी मोबाइलवर उतार मोजला: २ अंश. डोळ्यांना गाडी सरळच दिसत होती.

त्यानंतर बॉडीवाल्याने विचारलं, "लेव्हलिंग हायड्रॉलिक टाकू की इलेक्ट्रिक?" दादाने मला फोन लावला, कारण घरात इंजिनिअर मीच. मी सॉफ्टवेअरवाला, पण ते कोण ऐकतंय.

आधी २ अंश म्हणजे किती ते बघू. १ अंश उतार म्हणजे दर मीटरला साधारण पावणेदोन सेंटिमीटर फरक. सहा फुटी पलंगावर २ अंशांचा उतार असेल तर डोकं पायांपेक्षा साडेसहा सेंटिमीटर खाली जाऊ शकतं. फोर्स ट्रॅव्हलरच्या लांब मॉडेलचा व्हीलबेस ४,०२० मिलिमीटर आहे. तेवढ्या लांबीत २ अंश म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत १४ सेंटिमीटर. एवढं उचलायला दोन विटा पुरत नाहीत. शिवाय बेसिनचं पाणी तुंबतं, दरवाजे आपोआप उघडतात. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर तो तिरका चालवल्याने बिघडतो. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला एवढ्याशा उताराचा त्रास नसतो.

हायड्रॉलिकमध्ये एकच मोटर असते. ती पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो आणि व्हॉल्व्ह ठरवतात की तेल कोणत्या पायाकडे जाईल. डंपिंग ट्रॉलीचा जॅक ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ताकद कुठून येते? ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाब दिला तर एकटा पाय जवळपास ३ टन उचलतो. म्हणूनच दहा-बारा टनांच्या बसवर बांधलेल्या कॅरॅव्हॅनला दुसरा विचार करायचं कारण नाही, तिथे हायड्रॉलिकच. अमेरिकेत एचडब्ल्यूएच आणि युरोपात ई अँड पी, अल-को यांचे असे संच वर्षानुवर्षं चालू आहेत. किंमत मोजावी लागते ती वजनात आणि करंटमध्ये. तेल, टाकी, पंप, पाइप यांचं वजन होतं, आणि १२ व्होल्टची पंपाची मोटर भाराखाली थोडा वेळ का होईना १०० अँपियरच्या वर ओढू शकते. त्यामुळे जाड केबल लागते आणि इंजिन चालू ठेवून लेव्हल करणं बरं.

इलेक्ट्रिकमध्ये प्रत्येक पायाला स्वतःची मोटर, गिअर आणि आट्यांचा दांडा. मोटर फिरली की दांडा पायाला खाली ढकलतो. सुताराच्या शिकंज्यासारखं समजा. साध्या चौकोनी आट्यांचा स्वभाव असा की वरून कितीही वजन टाका, दांडा स्वतःहून उलटा फिरत नाही. वीज गेली, तरी पाय आहे तिथेच. एका पायावर १ टन धरला आणि १० सेंटिमीटर २० सेकंदांत उचलायचं म्हटलं, तर प्रत्यक्ष काम फक्त ५० वॉटचं आहे. आट्यांच्या घर्षणात बरंच वाया जातं, एकतृतीयांशाहून कमीच कामी येतं. तरी १४-१५ अँपियरमध्ये भागतं. वजनाला हलकं, तेलाची कटकट नाही, बसवायला सोपं. चार-साडेचार टनांच्या गाडीला कागदावर हेच योग्य, आणि मी दादाला पहिल्यांदा हेच सांगितलं.

आता माझ्या आवडीचा भाग. दोन्ही पद्धतींत वर एक कंट्रोलर असतो आणि त्यात तुमच्या मोबाइलमध्ये असतो तसाच ॲक्सिलरोमीटर. १ अंश कललं की गुरुत्वाकर्षणाचा फक्त पावणेदोन टक्के भाग आडव्या दिशेला दिसतो, चिप तो पकडते. इथपर्यंत प्रोग्राम सोपा आहे. अवघड आहे ते चार पायांचं गणित. तिवई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं, कारण सपाटी ठरायला तीनच बिंदू लागतात. चौथा पाय जास्त खाली गेला तर तो गाडीला सरळ करत नाही, चॅसीला पीळ देतो. मग दरवाजा अडकतो, कधी पुढच्या काचेला तडा जातो. म्हणून चांगला कंट्रोलर एकेक पाय मनाला येईल तसा हलवत नाही, तर जोडीने चालवतो: आधी पुढची किंवा मागची जोडी, मग डावी-उजवी बाजू, आणि शेवटी राहिलेला पाय फक्त टेकेपर्यंत. टेकला हे त्याला कसं कळतं? मोटरचा करंट वाढतो त्यावरून, किंवा तेलाचा दाब वाढतो त्यावरून. विकत घेताना एवढं विचाराच: पाय टेकल्याचं कंट्रोलर कशावरून ओळखतो? विक्रेता गडबडला तर पुढचं दुकान बघा.

पण आमच्याकडे खरी परीक्षा कंट्रोलरची नाही, जमिनीची आहे. दौंडच्या काळ्या रानात सुकलं की भेगा आणि भिजलं की चिखल. परदेशी मॅन्युअलमध्ये गाडी काँक्रीटवर किंवा खडीवर उभी आहे असं गृहीत धरलेलं दिसतं. १ टनाचा पाय आणि त्याची पाटी २० बाय २० सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. तीच पाटी ४५ बाय ४५ च्या फळीवर ठेवली तर अर्धा किलो. आमच्याकडे मळ्यातल्या मोटारीला लाइट पुष्कळदा रात्रीची येते. शेजारच्या उसाला रात्री पाणी सोडलं, ओल आंब्याखाली आली, की संध्याकाळी सरळ केलेली गाडी पहाटे कललेली. पाय कोणताही असो, फळी नसेल तर तो रुतणारच. हायड्रॉलिकवर लोक आणखी एक आक्षेप घेतात, की तेल थंडीत आकसतं आणि गाडी खाली बसते. हिशोब केला: २० अंशांनी तापमान उतरलं तर २० सेंटिमीटर तेलाचा स्तंभ ३ मिलिमीटरसुद्धा कमी होत नाही. गाडी सकाळी त्याहून जास्त बसली असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय, नाहीतर माती दबलीय.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र दादाने मला गप्प केलं. इलेक्ट्रिक पायाची मोटर अडकली तर हाताने फिरवून पाय वर घेण्याची सोय असते. पण कंट्रोलरचं कार्ड उडालं तर? ते परदेशातून येईपर्यंत गाडी उभी, बुकिंग रद्द आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. हायड्रॉलिकचं तसं नाही. जेसीबी, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्रं यांच्यामुळे होज पाइप आणि सील किटचं काम करणारे आपल्या भागात सापडतात. "पाइप फुटला तर तासाभरात नवा बनवून आणीन," दादा म्हणाला. "तुझं कार्ड कोण बनवून देणार, तू?" नाही, मी नाही.

शिवाय पाय गाडीखाली लटकतात. इलेक्ट्रिकचे उभे पाय वर घेतले तरी बरीच उंची खातात, आणि आपले गावरस्त्यावरचे स्पीडब्रेकर कसे असतात ते मी काय सांगणार. हायड्रॉलिकमध्ये आडवे दुमडणारे पाय मिळतात. पावसाळ्यात चिखल मात्र दोघांचा शत्रू: इलेक्ट्रिकच्या मोटरमध्ये पाणी शिरतं, हायड्रॉलिकच्या क्रोमच्या दांड्याला गंज धरला की तो सील कापतो.

एक गोष्ट मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असते, मी मोठ्याने सांगतो. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. लेव्हल करताना मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली तर ब्रेक नावापुरता उरतो आणि गाडी पायांवरून घसरू शकते. चाकं टेकलेलीच राहिली पाहिजेत, पुढच्या चाकांना ओट लावलेली असली पाहिजे. आणि लेव्हलिंगच्या पायांवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. तो दुरुस्तीचा जॅक नव्हे.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. पाय बसवायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नाही.

दादाने हायड्रॉलिक ठरवलंय. मी दोन अटी घातल्या. प्रत्येक सिलिंडरलाच लॉक होणारा व्हॉल्व्ह हवा, म्हणजे पाइप फुटला तरी पाय अचानक खाली बसणार नाही. आणि हातपंप हवा, बॅटरी संपली तर पाय वर घ्यायला. काम व्हायला अजून महिना जाईल. तोवर चाकांखाली बाभळीच्या फळ्या, आणि आजी आत झोपणार असेल त्या दिवशी गवंड्याकडून आणलेली पाणसळ पलंगावर ठेवून दोन्ही दिशांनी बघायची. बुडबुडा मधोमध आला की मगच तिला चढवायचं.